गादीला अटक

आजवर कोणी मानलं नाही, तुम्हीही मानणार नाही. पण दिग्रसच्या ठाण्यात एकदा एका गादीला अटक झाली होती. दोन शिपायांनी तिला दोन्हीकडून धरून आणलं, कोठडीपुढे उभी केली. ती सारखी कमरेत वाकून पडायची, म्हणून शेवटी गजाला दोरीनं बांधली. गजाच्या आत गादी भरणारा, गजाच्या बाहेर गादी. रात्रभर दोघं एकमेकांकडे पाहत बसले.

"काका, राहू द्या," बंटी म्हणाला. बसस्टँडच्या फाटकाशी त्याची चहाची गाडी आहे. "काल तुमचा बैल सरपंचाले रामराम करत होता."

"बैलाचं सोड. हे खरं आहे."

पुसदची गाडी अजून लागली नव्हती. उत्तमसिंग आपली जीप उभी करून सवारीची वाट पाहत होता, तो जवळ सरकला. बाकाच्या टोकाला बुरख्यातली एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तिनंही मान थोडी वळवली. एवढे कान मला पुरतात.

तर ऐका.

फोन आला तेव्हा फौजदार दीपा राठोड चहाचा पहिला घोट घेत होत्या. यवतमाळच्या एका दवाखान्यातून सलील पत्तेवार बोलत होता.

"मॅडम, माझ्या बायकोवर विषप्रयोग झालाय. काल संध्याकाळी श्वास बंद पडला. ओठ निळे झाले. ऑक्सिजनवर आहे."

"कोणी केला?"

"गफ्फार गादीवाल्यानं."

"विष कशात होतं?"

"गादीत."

दीपाताईंनी कप खाली ठेवला. तो चहा पुढे कोणी प्याला की नाही, मला माहीत नाही.

हकिगत अशी. सलीलची बायको ऋचा शाळेत शिकवते. तिचं माहेर आर्णीचं. पाऊस उघडल्यावर तिच्या भावानं नवी कोरी, पांढरीशुभ्र रुई आणून दिली: ताईला गादी कर. गफ्फारनं एका शुक्रवारी ती भरून दिली. पहिल्याच सकाळी ऋचाचं नाक बंद. मग डोळे लाल. मग छातीत शिट्टी वाजायला लागली. मधे माहेरी गेली तर ठणठणीत. परत आली की पुन्हा शिट्टी. आणि काल थेट दवाखाना.

सलीलच्या शेजाऱ्यांनी गादीची शिवण उसवली. आत काय निघालं? राखेच्या रंगाची जुनी रुई.

आपल्याकडे कोणाचाही श्वास अडकला की पहिली आठवण फवारणीच्या औषधाची येते. दुपार व्हायच्या आत गावभर झालं: गफ्फारनं नवी रुई खाल्ली आणि औषधाच्या गोदामातला केरकचरा गादीत भरला. दुपारी त्याच्या बंद दुकानापुढे गाद्यांचा डोंगर उभा राहिला. ज्यानं त्यानं आपापली गादी आणून टाकली. काहींनी तर दुसऱ्याच कारागिराची आणून टाकली. गर्दीत कोण पाहतो?

दीपाताईंनी गफ्फारला आत घेतलं. घेतलं नसतं तर गर्दीनं घेतला असता. वरून साहेबांचा फोन: उद्या त्याला यवतमाळला कोर्टात उभं करा.

ठाण्याच्या पायरीवर गफ्फारची बायको खैरुनबी येऊन बसली. रडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच ऐकवायची, "जिंदगीभर गावाले झोपवलं यांनी. आज गाव जागं झालं."

दीपाताईंना स्वस्थ बसवेना. गादीजवळून गेल्या की डोळे चुरचुरायचे, खुर्चीत बसल्या की पाय हलायचा. शेवटी खुर्ची गजाशी ओढली.

"गफ्फारभाई, रुई बदलली का?"

"नाई मॅडम."

"मग त्या गादीत जुनी रुई आली कुठून?"

"इथं बसून तेच इचार करून राह्यलो."

"त्या शुक्रवारी काय काय झालं? एकेक करून सांगा."

"दोन गाद्या होत्या. एक सूनबाईची, नवी. दुसरी बड्या साहेबाची, म्हंजे तिच्या सासऱ्याची. त्यांनी म्हटलं, नवी रुई कायले पाह्यजे, जुनीच पिंजून त्याच खोळीत भरून दे. दोन्ही रुया दुकानात पिंजल्या, हातगाडीवर त्यांच्या अंगणात नेल्या. त्यांच्या डोयापुढं भरल्या. तोंडाले कच्चे टाके मारले. मंग जुम्म्याची नमाज होती, ते पढाले गेलतो. येऊन पक्की शिलाई केली."

"शिवताना काही वेगळं वाटलं?"

गफ्फारनं थोडा वेळ आपल्या हातांकडे पाहिलं. "नवी गादी हाताले जड लागली. म्हटलं, पाऊस आत्ताच गेला, रुईनं ओल धरली असंन."

"नमाजला जाताना सोबत काय नेलं?"

"टोपी."

"हातगाडी?"

"अंगणातच होती. सायकलनं गेलतो."

उत्तमसिंगनं मांडीवर थाप मारली. "चोर थोच हाय, काका. गादीवाला अन् रुई बदलणार नाई? माहा बाप त्यायच्यापुढं खुर्ची टाकून बसे, जेवाले बी उठत नसे."

"बस, इथंच," मी म्हटलं. "हीच गोष्ट लक्षात ठेव."

कारण आपल्याकडची रीतच ती. गादी भरताना घरातलं एक माणूस कारागिराच्या पुढ्यात बसवायचं. तो रुई बदलेल, चोरेल, कमी भरेल, ही शंका गादीइतकीच जुनी. पत्तेवारांकडे त्या दिवशी पहाऱ्याला बसले होते ऋचाचे सासरे, वामनराव पत्तेवार.

वामनराव म्हणजे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. घरात बोलायचे तेसुद्धा तारीख-वार घालून. गावात त्यांची एक बढाई प्रसिद्ध होती. लग्नात मिळालेल्या गादीवर अजून झोपतो, म्हणून पाठ पट्टीसारखी सरळ. ज्याच्या घरी नवी गादी यायची, त्याला वाटेत गाठून हे ऐकवायचे.

दीपाताई त्यांच्या घरी गेल्या. वामनरावांच्या खोलीत पलंग, पलंगावर लाल पट्ट्यांची तीच विख्यात गादी, आणि खिडकीत पलंगाकडे तोंड करून पाण्याचा कूलर. भिंतीवर ओलीचे नकाशे उमटलेले.

"कूलर अजून चालू?"

"थंडी पडेपर्यंत चालतो. मला त्याशिवाय झोप नाही. सलीलनं त्याच्या खोलीत एसी घेतलाय. चैन आहे."

"गादी भरताना तुम्ही पूर्ण वेळ होता?"

"अर्थात. जागेवरून हललो नाही."

"मग गफ्फारनं रुई बदलली कधी?"

वामनराव खाकरले. "तो नमाजला गेला तेव्हा मी आत पाणी प्यायला गेलो होतो. त्या वेळात केलं असेल."

"तो नमाजला गेला होता म्हणता, मग केलं कोणी?"

"म्हणजे... लवकर परत आला असेल. या लोकांचं काय सांगावं?"

सलील दवाखान्यातून कपडे न्यायला आला होता. डोळे सुजलेले. तो मधेच म्हणाला, "मॅडम, माझ्याकडून काही कमी नाही झालं. ती शिंकायला लागली तेव्हा मला वाटलं, गादीत काही किडेबिडे असतील. काल दिवसभर गच्चीवर उन्हात टाकली. मग खोलीत आणून काठीनं चांगली झोडपली. इतकी स्वच्छ करून दिली आणि ती टेकली त्यावर, आणि..."

तो ऋचाचे कपडे पिशवीत कोंबायला लागला.

बाहेर पडताना शेजारच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं. सुखीबाई.

"मॅडम, आमचा दूधवाला गेला का वो?"

"मला काय माहीत?"

"आता काय सांगू माय. माही सकाळच बिघडली. पह्यले या भाऊजीच्या, वामनरावाच्या शिंकीवर उठत होती मी. एक नाही, दोन नाही, शिंकांची मालगाडीच वं! एका शिंकीत छपरावरच्या खापरी उडत होत्या. तेवढ्यात मी उठाव, चूल पेटवाव, दूधवाला याव. आता भाऊजी शिंकतच नाईत. दूधवाला दार ठोकून निघून जाते."

"त्या शुक्रवारी तुम्ही घरी होता? गाद्या भरल्या तेव्हा?"

"होती ना. दुपारी भाजी द्याले गेलती. भाऊजी कापसात नाहून निघालते! भुवया पांढऱ्या, कान पांढरे. म्हटलं, पिंजारी कोन अन् मालक कोन, काही समजूनच नाही राह्यलं."

"आणि गफ्फार?"

"थो कुठं दिसला नाही बा."

"ती शिंक मी ऐकली असती तर बरं झालं असतं," उत्तमसिंग म्हणाला. "माहा हॉर्न बिघडला हाय."

"ऐकली असतीस तर जीप सोडून पळाला असतास. वामनरावांच्या शिंकेनं एकदा पुसदची बस दारव्ह्याला गेली होती."

बंटी हसला. बाकावरची बाई हसली नाही. तिनं एकच विचारलं, "चाचा, दूध-शिंका राहू द्या. त्या माणसाले किती दिवस आत ठेवलं?"

"सांगतो, बाई. गोष्टीला घाई चालत नाही."

"आत बसणाऱ्याले चालते?"

मी घसा साफ केला आणि दीपाताईंना यवतमाळला नेलं.

दवाखान्यात छातीच्या डॉक्टर होत्या निलोफर मॅडम. तरुण, बोलणं तुकड्या-तुकड्यांत, जसं वॉर्डात फिरताना बोलतात.

"विष नाही," त्या म्हणाल्या.

"खात्री?"

"फवारणीचं औषध असतं तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या. तोंडाला लाळ सुटली असती. तिला यातलं काही नाही. रक्तही तपासलं. लहानपणी दमा होता, मोठी झाल्यावर गेला असं घरच्यांना वाटलं. तो गेला नव्हता, झोपला होता."

"मग उठवला कोणी?"

डॉक्टरांनी दीपाताईंना सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. खाली दीपाताईंनी पुडीत आणलेली गादीतली चिमूटभर धूळ. दीपाताईंनी डोळा लावला आणि पटकन मागे घेतला.

"याला आठ पाय आहेत!"

"धुळीतला माइट. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आपल्या अंगावरून झडलेली कातडी खातो आणि गादीत राहतो. चावत नाही, डंख मारत नाही."

"मग करतो काय?"

"हगतो."

दीपाताई हसल्या नाहीत, पण शिपाई बाहेर जाऊन हसून आला.

"कोरडी कातडी पचवायची म्हणजे त्याच्या पोटात जबर रस लागतो," डॉक्टर म्हणाल्या. "शाळेत विकर शिकलो होतो ना, आम्ही एन्झाइम म्हणतो. प्रथिनं कातरणारी कात्रीच ती. विष्ठेबरोबर बाहेर पडते. आपण ती धूळ श्वासात घेतली की नाकाच्या, श्वासनळीच्या ओल्या अस्तरावर बसते आणि तिथं पुन्हा कामाला लागते. अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. कात्री ते सांधे कापते. भिंतीला भगदाड पडलं की शरीर आरडाओरडा करतं. कोणाचं शरीर नुसतं शिंकतं. कोणाचं नळीच आवळून बसतं. ऋचाचं आवळून बसलं."

"पण त्यांनी गादी दिवसभर उन्हात टाकली होती. आपलं ऊन!"

"उन्हानं माइट मेले असतील. विष्ठा तिथंच आहे. खुनी मेला म्हणून सुरी बोथट होत नाही. वरून काठीनं झोडपली, म्हणजे दाण्यांचं पीठ करून खोलीभर उडवलं."

दीपाताई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. "नव्या रुईत हे इतके होऊ शकतात?"

"नवीत कुठून येणार? यांना वर्षानुवर्षं माणसाची सोबत लागते. आणि हवेत ओल. आपल्या कोरड्या जिल्ह्यात इतके जमले, याचंच मला नवल वाटतं. गादीवाल्याचं गोदाम ओलं आहे का?"

"पत्र्याचं आहे. आत पापड भाजतील."

"मग ती रुई तिथली नाही."

दीपाताईंनी रुमाल काढला, घडी घातली, परत उलगडली. मग विचारलं, "डॉक्टर, ज्याला नुसत्या शिंका येतात, त्याची गादी बदलली तर शिंका थांबतात?"

"बऱ्याचदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागायची होती. ती पत्तेवारांच्या दारात थांबली. आतून गफ्फार उतरला. मागून दोन शिपाई, गादी धरून. गल्ली गोळा झाली. कोणीतरी ओरडलं, "त्याले इथं कायले आणलं? कोर्टात न्या!"

अंगणात गादी अंथरली. सलील एका बाजूला उभा. वामनराव खुर्चीत, पाठ अगदी सरळ.

"पत्तेवार साहेब, एक छोटं काम," दीपाताई म्हणाल्या. "या गादीवर जरा बसा."

"मी? ही विषारी गादी आहे!"

"विष नाही यात. डॉक्टरांनी लिहून दिलंय. बसा."

"मला गरज वाटत नाही."

"मग नका बसू." असं म्हणून दीपाताईंनी गादीवर हाताचा पंजा एकदाच, जोरात आपटला.

उन्हात धूळ उठली. वामनरावांनी तोंड फिरवलं. ओठ आवळले. नाक धरलं. चेहरा लाल झाला, मग जांभळा. आणि मग सुटली! एक. तिच्यावर दुसरी. तिच्यावर तिसरी. खुर्ची मागे सरकत सरकत तुळशीला जाऊन टेकली. झाडावरचे पोपट उडाले. अख्खी गल्ली दोन पावलं मागे हटली.

भिंतीपलीकडून सुखीबाईचा आवाज आला, "उठली वं माय! दूधवाला थांबवा!"

कोणी हसलं नाही. दीपाताई शिंका संपेपर्यंत थांबल्या.

"गफ्फारभाईंनी रुई चोरली, असं सगळे म्हणता," त्या गर्दीकडे वळून म्हणाल्या. "चोरून नेली कशात? दुहेरी गादीची पिंजलेली रुई म्हणजे एक म्हैस. हातगाडी अंगणात होती. माणूस सायकलवर गेला, डोक्यावर टोपी. टोपीत म्हैस मावते?"

दीपाताईंनी उसवल्या शिवणीतून मूठभर रुई काढून दाखवली.

"म्हणजे नवी रुई या घराबाहेर गेलीच नाही. आणि ही जुनी रुई बाहेरून आलीच नाही. त्या दिवशी अंगणात दोन गाद्या होत्या. दोन्हींची तोंडं कच्च्या टाक्यांनी बंद. कारागीर नमाजला गेलेला. सलीलभाऊ कामावर, वहिनी शाळेत. उरलं कोण? जो पहाऱ्याला बसला होता तो. तुम्ही सगळे कारागिरावर पहारा ठेवता. पहारेकऱ्यावर कोण ठेवतो?"

"हा आरोप आहे," वामनराव नाक पुसत म्हणाले.

"खुर्चीत बसून पाहणाऱ्याच्या भुवयांपर्यंत कापूस कसा चढला? सुखीबाईंनी पाहिलाय. ही रुई वर्षानुवर्षं कूलरच्या ओल्या हवेत होती. तसा कूलर या घरात एकाच पलंगापुढे आहे. त्या पलंगावरचा माणूस रोज सकाळी गल्ली उठेल इतका शिंकायचा, आणि गाद्या भरल्या त्या दिवसापासून शिंकणं बंद झालं. शिंका कुठं गेल्या? भिंतीपलीकडच्या खोलीत. रुईबरोबर. पिंजल्यामुळं त्यातली धूळ आणखी बारीक झाली होती. तिथं ती अशा छातीत गेली, जिचं शिंकेवर भागत नाही."

त्यांनी शिपायाला खूण केली. लाल पट्ट्यांची गादी बाहेर आली. लग्नातली, विख्यात, पाठ सरळ ठेवणारी. शिपायानं शिवण उसवली.

आतून दुधासारखी पांढरी रुई फुगून बाहेर आली.

सलील बापाकडे पाहत राहिला. "बाबा? काहून?"

वामनरावांची पाठ पहिल्यांदा वाकली. "पाठ दुखायची रे. दोन वर्षं झाली. कुशीवर वळता येत नव्हतं."

"मग सांगायचं ना! मी नवी करून दिली नसती?"

"कसं सांगणार? गावभर सांगितलं होतं, मला नवी गादी लागत नाही. ती रुई समोर पडली होती, इतकी मऊ... हात घातला आणि काढावासाच वाटेना. म्हटलं, तुम्ही तरुण आहात, कशावरही झोपाल. घरातली रुई घरात. कोणाचं काय बिघडतं? हे किड्यांचं मला काय माहीत?"

"ते नव्हतं माहीत. खरं आहे," दीपाताई म्हणाल्या. "पण जुनी रुई त्या गादीत कोणी घातली, हे तर माहीत होतं. सून दवाखान्यात गेली, हे माहीत होतं. हा माणूस तुमच्यामुळं कोठडीत बसलाय, हे माहीत होतं. डॉक्टरांना एक वाक्य सांगितलं असतं की ती माझी जुनी रुई आहे, तर त्यांचा एक दिवस विष शोधण्यात गेला नसता. आणि मला काय सांगितलंत? 'या लोकांचं काय सांगावं.'"

 दीपाताईंनी गफ्फारच्या हातातली बेडी स्वतः काढली. गर्दी एकेक करून पांगली. कोणी डोकं खाजवत, कोणी मोबाइल पाहत. दुपारपर्यंत दुकानापुढचा गाद्यांचा डोंगरही विरघळला. जो तो येऊन, खाली मान घालून, आपली गादी खांद्यावर टाकून गेला. काही जण चुकून शेजाऱ्याची घेऊन गेले, ते भांडण वेगळं.

ऋचा आठवडाभरानं घरी आली. गादीवर आता मेणकापडासारखी घट्ट खोळ, चादरी गरम पाण्यात धुतलेल्या, आणि काठीनं झोडपायला घरात बंदी.

"अन् म्हातारा?" बंटीनं विचारलं. त्याचा चहा उतू गेला होता, त्याला भान नव्हतं. "त्याचं काय झालं?"

"तेच तर सांगतो. गादी उसवली त्याच दिवशी संध्याकाळी वामनराव घरातून निघाले. अनवाणी. भर बाजारातून चालत गफ्फारच्या दुकानात गेले. सगळं मार्केट बघत होतं. हात जोडून म्हणाले, भाई, माझ्या पाठीपायी मी तुम्हाला मान खाली घालायला लावली. गफ्फारच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं उठून वामनरावांना मिठी मारली, म्हणाला, बडे साहेब, झालं गेलं. खैरुनबीनं शिरखुर्मा केला. सगळ्या बाजारानं खाल्ला. आणि गफ्फारनं आपल्या हातानं त्यांना अशी गादी भरून दिली, की..."

"खोटं."

आवाज बाकाच्या टोकावरून आला होता. उत्तमसिंगची मान वळली. बाई उठून उभी राहिली होती. पुसदची गाडी फाटकातून आत येत होती.

"काय खोटं, बाई?" मी विचारलं. "शिंका? माइट? गादीची अटक?"

"थे सारं खरं हाय. गादी बांधलीबी होती गजाले, मी पाह्यलं. अम्मीसंग मी पायरीवरच बसली होती." तिनं पिशवी उचलली. "मी कहकशां. गफ्फार गादीवाल्याची पोरगी."

बंटीनं चहा खाली ठेवला.

"थो म्हातारा आलता, थेबी खरं. हात जोडून उभा होता. बोलत होता, बराच वेळ बोलत होता. पण मिठीगिठी काही नाही, चाचा, अन् शिरखुर्माबी नाही. अब्बानं तेवढा वेळ रुई पिंजाचं घरघरतं मशीन बंदच नाही केलं."